आमनाच्या नावाच्या पिशव्या

३ नोव्हेंबर

ही डायरी कंपनीने निरोपाच्या दिवशी दिली. सोनेरी कडा, आत रेशमी खूण आणि सुट्टीचे वार शुक्रवार-शनिवार छापलेले. सप्टेंबरात त्याच सालची डायरी भेट देणारी कंपनी किती दिलदार असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. वाचणारा म्हणजे अर्थात मीच.

मी नूरमहंमद, राहणार कासू, तालुका पेण. सव्वीस वर्षं मस्कतच्या एका गोदामात पॅकिंगला होतो, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुकादम. माझ्या हाताने बांधलेला एकही खोका आजवर वाटेत फुटलेला नाही. ही फुशारकी नाही, माहिती आहे.

आज मॅनेजरचा फोन आला. नवीन पोरांना खोका बांधता येत नाही, तुम्ही दोन वर्षांसाठी परत या, व्हिसा तयार आहे, डिसेंबर संपायच्या आत कळवा. मी फोन ठेवून बायकोला, आमनाला विचारलं, "काय करू?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला बरं वाटंल ते करा."

आता यात रागावण्यासारखं काही नाही. आमना माझ्यावर कधीच रागावत नाही. ताटात पहिली माशाची तुकडी मला, पंख्याखालची जागा मला. धाकट्या मुलीने, सफाने ओला टॉवेल खाटेवर टाकला तर तिला पाच मिनिटं ऐकावं लागतं. मी टाकला तर आमना गुपचूप उचलून दोरीवर घालते. शेजारीपाजारी म्हणतात, नूरभाई, नशीबवान आहात. मीही तसंच म्हणत होतो. पण दीड महिना झाला आणि मला राहून राहून वाटतं की असा मान आपण पाहुण्याला देतो, आणि पाहुणा कधी जाणार हे विचारत नाही, एवढंच.

म्हणून ठरवलं आहे. डिसेंबरपर्यंत या घराला माझ्या हातांची गरज लागली पाहिजे. तीही बाजारातून काही न आणता, घरात जे पडलं आहे त्यातूनच. गरज लागली तर राहीन, नाही लागली तर मस्कत आहेच.

५ नोव्हेंबर

चपलांचं कपाट तयार. टीव्हीच्या जुन्या खोक्याचं, तीन कप्पे, कडेने दुहेरी पुठ्ठा. एक खिळा नाही. सफा पेणला औषधाच्या दुकानात कामाला जाते, ती गाडी पकडायच्या घाईत होती तरी थांबून म्हणाली, "अब्बा, हे उभं राहील?" मी म्हटलं, सव्वीस वर्षं काय केलं मग?

७ नोव्हेंबर

कपाट उभं आहे. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर दोघातिघांना सांगितलं. आज सहज वाकून पाहिलं तर खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला दोन विटा कुणीतरी ठेवल्या आहेत. घरात वस्तू जागेवर ठेवायची कुणाला सवयच नाही. काढणार होतो, पण आमना म्हणाली, "असूंदे हो, विटा तिथंच बऱ्या."

११ नोव्हेंबर

जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या कापून वेणी घातली आणि वेणी गोल फिरवून पायपुसणं केलं. रंगसंगती अशी जमली की पाय ठेवायला जीव होईना. संध्याकाळी सफा दारात आली आणि तिथेच थबकली. म्हटलं, आवडलं वाटतं.

"अब्बा, यातली हिरवी जुनी नव्हती."

"मग?"

"उद्याची होती."

आमना आत तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटतं, ती हसत होती. तिला असं हसताना मी या खेपेला प्रथमच पाहिलं, त्यामुळे हिरव्या ओढणीचं मला फारसं वाईट वाटलं नाही. सफाला नवी घेऊन द्यावी लागेल.

१५ नोव्हेंबर

मोठी मुलगी सहर रोह्याहून आली, चार वर्षांच्या नातीला घेऊन. नातीसाठी फ्रिजच्या खोक्याचं घर केलं. खिडकी उघडते, दाराला दोरीची कडी, आत बसायला जागा. पोर दिवसभर त्यातच. दुपारी तिने शेजारच्या मुलींना बोलावून दाखवलं, "हे माझं घर. मस्कतवाल्या नानांनी बांधलं."

मस्कतवाले नाना! केवढं कौतुक. सहर तिला हळूच म्हणाली, "नुसतं नाना म्हण गो." पण मला चाललं. आमचा एक मित्र आहे, त्याला त्याचा नातू ओळखतसुद्धा नाही.

सहरच्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. आमना उद्या सहरबरोबर रोह्याला जाणार, आठ-दहा दिवसांसाठी. जाण्याआधी मला डबे दाखवत होती. हळद इथे, मीठ इथे. मी म्हटलं, माझंच घर आहे, सापडेल सगळं. तिने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

१७ तारखेची भर: मीठ सापडलं नाही. सफाला विचारलं.

१९ नोव्हेंबर

आज खजिना सापडला!

पोटमाळ्यावर खोके शोधायला चढलो होतो. मागे एक पत्र्याची ट्रंक. उघडली तर काय, माझंच मांजरपाट! इथे थोडं खुलासेवार लिहायला हवं. इतर लोक मस्कतहून सामान पाठवताना खोक्याला नुसती चिकटपट्टी मारतात. माझी पद्धत वेगळी. मी खोका आधी मांजरपाटाच्या जाड सुती कापडात गुंडाळायचो आणि दाभण-सुतळीने चारी बाजूंनी शिवून टाकायचो. वर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत पत्ता. इंग्रजीत कार्गोवाल्यांसाठी, खाली मराठीत आपल्याकडच्या टेम्पोवाल्यासाठी: आमना नूरमहंमद, कासू, ता. पेण. आणि कापडाच्या आतल्या बाजूला यादी, खोक्यात काय कुणाचं, म्हणजे पोरींची भांडणं नकोत.

तर ती सगळी कापडं आमनाने ठेवली आहेत. एकेचाळीस! सालाप्रमाणे लावलेली, इस्त्री केल्यासारख्या घड्या, घडीघडीत कडुनिंबाची वाळलेली पानं. ही बाई काही टाकत म्हणून नाही. किती वर्षं जागा अडवून बसलंय हे, आणि कापड तर अजून नवंकोरं. पूर्वी मांजरपाट मांजरपाटासारखं मिळायचं.

चार-दोन उलटून पाहिली. आत माझ्याच याद्या. कुणाचे बूट, कुणाचा साबण. जुन्या याद्या कुणाला हव्यात? ट्रंक खाली काढली. आमना परत येईल तेव्हा तिने बघतच राहावं असं काहीतरी करणार आहे.

२२ नोव्हेंबर

पिशव्या!

आमनाचं पायमशीन दोन दिवस माझ्या ताब्यात आहे. एका कापडाची एक पिशवी, तळाला दुहेरी टीप, बंद चार पदरी. पाच किलो तांदूळ घालून उचलून पाहिली, टाका हलला नाही. पत्त्याची बाजू बाहेर घेतली आहे, त्यामुळे प्रत्येक पिशवीवर ठसठशीत अक्षरांत आमनाचं नाव येतं. बाजारातल्या पिशवीवर दुकानदाराचं नाव असतं, माझ्या पिशवीवर बायकोचं. असा नवरा गावात दुसरा दाखवा.

तीन कापडं कापताना वाया गेली. त्यांची पुसायची फडकी केली, म्हणजे तीही वाया गेली नाहीत.

२४ नोव्हेंबर

अडतीसातली एक घरी राखून सदतीस वाटून झाल्या. मशिदीच्या आळीत प्रत्येक घरी एक. कातकरवाडीवरची पारी वालाच्या शेतावर कामाला येते, तिला दोन. स्टेशनबाहेर मासळी विकणाऱ्या गोदूबाईला तीन. गडबला हायवेवर विमलबाईचं भाजीचं दुकान आहे, तिला चार दिल्या, दारात टांग म्हटलं, लोकांना बघू दे. विमलबाईने कापड चाचपून विचारलं, "भाऊ, हे आमना कोण? कंपनी हाय का?"

मी म्हटलं, "व्हय. आमचीच."

संध्याकाळी स्टेशनवर सफाला घ्यायला गेलो. गाडीतून उतरणाऱ्या दोन बायकांच्या हातात आमनाचं नाव. सफा थांबली आणि त्या बायकांकडे पाहतच राहिली.

"अब्बा, हे कापड कुठलं?"

"माळ्यावरच्या ट्रंकेतलं."

ती वाटभर माझ्या चार पावलं मागे चालत राहिली. दमली असेल.

२७ नोव्हेंबर

आमना आली. मी एक पिशवी मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवली होती, सगळ्यात सुबक शिवलेली. ती हातात दिली आणि बाजूला उभा राहिलो.

तिने बाहेरचं नाव पाहिलं. मग पिशवी उलटी केली, आतली बाजू बाहेर काढली आणि बराच वेळ ते पाहत राहिली. माझ्या टिपा तपासत होती. मी म्हटलं, "दुहेरी मारलीय."

"किती केल्यात?"

"अडतीस."

"कुठं हायत?"

मी एकेक घर सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, मध्येच थांबवून नावं पुन्हा विचारत होती. माझ्या कुठल्याच कामात तिने एवढं लक्ष घातलं नव्हतं. मग ती आत गेली. भाकऱ्या थापताना आज तिच्या हाताचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला. जेवताना पहिली तुकडी मलाच.

२८ नोव्हेंबर

नमाजाहून आलो तर आमना घरात नाही. शेजारणीने सांगितलं, ती घरोघर फिरतेय. साहजिक आहे. दहा दिवस गावात नव्हती, मागे नवऱ्याने तिचं नाव घराघरांत पोचवलं, चार बायका कौतुक करणारच, तिला ते ऐकावंसं वाटणारच.

पण येताना तिच्या काखेत नऊ पिशव्या! मी विचारलं, "परत केल्या?" ती म्हणाली, "मी मागितल्या." म्हणजे बंद सैल झाले असणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून ही सांभाळून घेते. मला खरंच वाईट वाटलं. सव्वीस वर्षांत तक्रार आली नव्हती. बसलो आणि नऊही पिशव्यांच्या बंदांना आणखी एक आडवी टीप मारून ठेवली.

आमना दारात उभी राहून ते पाहत होती. मग ती परसात गेली आणि आधीच धुतलेली भांडी तिने पुन्हा घासली.

३० नोव्हेंबर

हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

सकाळी पारी आली. बरोबर तिची सून राणी, दहावी झालेली. पारी ओट्यावर बसली आणि हसायलाच लागली. "चाचा, एक इचारू? अम्मीला दाखवू नको म्हंजे काय?"

मला कळेना. तिने पिशवी उलटी केली आणि राणीला म्हणाली, "वाच गो." राणी लाजत होती, पण सासू ऐकेना. ती वाचू लागली आणि मी माझंच अक्षर कानांनी ऐकलं:

"साबण सहा. सहरची वही-पेन्सिल. निळं कापड तुझं आहे, अम्मीला दाखवू नको, तिलाही निळंच हवं होईल. शिवून घाल आणि एकदा स्टेशनपर्यंत चालत जा. मी इथे डोळे मिटून बघेन."

अम्मी म्हणजे माझी आई, तेव्हा हयात होती. पारी म्हणाली, "आमचा नवरा जलमात आसं बोलला नाय. वाडीवरच्या समद्या बाया येऊन आयकून गेल्या." दुसऱ्या पिशवीवरच्या यादीत दोन डबे दूध पावडर होती आणि खाली अशाच तीन ओळी, त्या मी इथे लिहीत नाही.

म्हणजे गावभर घराघरांत! गोदूबाईच्या कोळंबीवर! विमलबाईच्या दारात टांगलेलं! मी हे लिहिलं होतं हेच मी विसरलो होतो. खोका शिवायच्या आधी शेवटची दहा मिनिटं उरायची, हातात मार्कर असायचा, सुचेल ते खरडायचो आणि दाभण लावायचो. शिवलं की डोक्यातून गेलं.

पारीने दोन्ही पिशव्या स्वतःहून परत दिल्या. जाताना म्हणाली, "भाबीला सांगा, मी कुणाला दिली नाय, नुसती वाचून दाखवली."

१ डिसेंबर

आमनाची माफी मागितली. म्हटलं, गावभर तुझी शोभा केली. ती म्हणाली, "काय नाय झालं. जेवायला बसा."

काय नाय झालं! मी दोन घास खाल्ले आणि उठलो. सफा पाठोपाठ ओट्यावर आली. या मुलीला मी एकूण मोजून दोन वर्षं पाहिलं असेन, सगळ्या रजा मिळवून. पण ती आज माझ्याशी मास्तरणीसारखी बोलली.

"अब्बा, खोका यायचा तेव्हा आमी दोघी बूट नि चॉकलेटांवर तुटून पडायचो. अम्मी सुतळी उसवायची. कापायची नाय, एकेक टाका उसवायची. मग कापड घेऊन मागल्या दारी जाऊन बसायची. आमचं सगळं उघडून, खाऊन झालं तरी ती तिथंच."

"सांगायचं ना मला कुणीतरी."

"तुमी विचारलंत कुणाला? त्या तीन फडक्यांनी मी काल कपाट पुसलं. नंतर बघितलं तर त्यावर माझं नाव हाय."

३ डिसेंबर

आज घरात जे झालं ते शब्द न गाळता लिहून ठेवतो.

आमना सकाळी गडबला गेली होती, विमलबाईकडच्या चार पिशव्या आणायला. दुपारी आली. तिने तीन पिशव्या खाटेवर ठेवल्या आणि चौथी माझ्या मांडीवर टाकली. पांढरीशुभ्र. विमलबाईला ती नातेवाइकांच्या लग्नात न्यायची होती म्हणून तिने ब्लीचिंग पावडरीत घालून दोन दिवस भिजवली. पत्ता गेला, आतलंही गेलं. विमलबाईने कौतुकाने दाखवली म्हणे, कशी निघाली बघा.

मी म्हटलं, "मांजरपाट चांगलं होतं म्हणून टिकलं."

आणि आमना फुटली.

"मांजरपाट! तुमाला अजून मांजरपाटच दिसतंय! चिंध्या वाटल्या तुमाला? चिंध्यांना कोण घड्या घालतं, कोण पाला घालतं? सव्वीस वर्सं फोनवर काय बोललात माझ्याशी? खोका पोचला? पोचला. पोरी बऱ्या हायत? बऱ्या हायत. बरं, ठेवतो. एवढंच! बाकी सगळं तिथं हुतं, त्या कापडावर. माझा घरवाला तिथं हुता. तुमी रजेवर यायचात तो कुणी वेगळाच माणूस, मित्रांत बसणारा, जायच्या तारखा मोजणारा. तो गेला की मी ट्रंक उघडायची आणि माझ्या माणसाला बाहेर काढायची. आणि तुमी त्याला कापलात! माझ्या मशीनवर! आणि कोळंबी घालायला दिलात!"

ती थांबली नाही. टॉवेलवर आली, मिठाच्या डब्यावर आली, विटांवर आली. त्या विटा तिनेच ठेवल्या होत्या, नाहीतर माझं कपाट दुसऱ्याच दिवशी बसलं असतं. शेजारीण भिंतीपलीकडून "काय झालं गो?" म्हणाली, तिलाही दोन शब्द मिळाले. शेवटी आमनाने माझ्याकडे बोट केलं. "मी आता कुणाच्या दारात जायची नाय. तुमी वाटल्यात, तुमीच आणायच्या. एकेक. आणि मोजून घेणार हाय मी."

मी पायात चपला घातल्या आणि निघालो.

वाटेत मान खाली होती हे खरं.  पण मशिदीच्या वळणावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी तिथेच उभा राहिलो. आमना आज मला घरच्या माणसासारखी बोलली. एकसष्ट वर्षांचा माणूस बायकोच्या शिव्या खाऊन रस्त्यात हसत उभा आहे, हे कुणी पाहिलं नसावं अशी आशा आहे.

६ डिसेंबर

बावीस आल्या. नऊ तिने आणल्या होत्या त्या धरून नव्हेत, माझ्या वेगळ्या. घरोघर उभा राहून मागितल्या. एका घरात पिशवीत कांदे होते, पुठ्ठ्याचा डबा करून दिला आणि पिशवी घेतली. गोदूबाईने तिन्ही देताना नाक वर करून सांगितलं, "वास जायाचा नाय, भाऊ, आधीच सांगते." मी लिंबू-मिठाने धुतल्या, ब्लीचिंगला हात लावला नाही.

९ डिसेंबर

सगळ्या जमल्या. पारीच्या दोन, गडबच्या चार, घरात राखलेली एक, सगळ्या धरून अडतीस. वर तीन फडकी. आमनाने मोजून घेतल्या.

आता हुकूम असा: सगळ्या उसवायच्या आणि त्यांची एक गोधडी करायची. तिने त्या जमिनीवर पसरून सालाप्रमाणे लावल्या. आतली अक्षरं वरच्या बाजूला येणार. पत्ते खाली अस्तराकडे. मी म्हटलं, "अक्षरं वर? लोक वाचतील." ती म्हणाली, "घराघरांत वाचून झाली. आता मी पांघरून वाचते."

माझ्या स्वतःच्या दुहेरी टिपा उसवायला बसलो, रात्रीपर्यंत निम्म्याच झाल्या. इतकी पक्की शिलाई करणाऱ्याला मी बरंच काही बोललो.

१२ डिसेंबर

गोधडीचा धावदोरा म्हणजे काय हे आज शिकलो. माझा टाका बोटभर लांब, दाभणाची सवय. आमनाचा तांदळाच्या दाण्याएवढा. मी सकाळी घातलेली ओळ तिने दुपारी उसवली. मी दुपारी पुन्हा घातली, तिने संध्याकाळी उसवली. "हा काय खोका हाय? कुठं पाठवायचा हाय?" सहर फोनवर होती, तिने ऐकलं आणि हसत सुटली.

मी घातलेल्या ओळींपैकी एक ओळ मात्र तिने तशीच राहू दिली. मी बोट लावून दाखवली तर म्हणाली, "नजरचुकीनं राहिली." मी ती जागा ध्यानात ठेवली आहे. २०११ सालच्या कापडावर, डाव्या कोपऱ्यात.

मस्कतहून मॅनेजरचा निरोप: तिकीट काढू का? अजून उत्तर दिलेलं नाही. आमनाने निरोप पाहिला. ती सुईत दोरा ओवत राहिली. याबाबतीत तिने पुन्हा तोच सूर लावला, तुमाला बरं वाटंल ते करा. मी म्हटलं, बाकी सगळ्यात बोलतेस, यात का नाही? म्हणाली, "यात मी एकदा बोलून घेतलंय." कधी ते सांगेना.

१४ डिसेंबर

आज रविवार. सफाला सुट्टी होती.

मधोमध एक चौकोन कोरा राहिला होता, विमलबाईने धुतलेला. आमना म्हणाली, "मार्कर आणा. लिवा."

"काय लिहू? मला काहीच आठवत नाही."

"मी सांगते."

ती भिंतीला टेकून बसली, डोळे समोर, आणि नमाजातली आयत म्हणावी तशी न अडखळता सांगत गेली. सन दोन हजार तीन, रमजानच्या आधीचा खोका. खजूर दोन किलो. अम्मीला शाल, तपकिरी. सहरचं दप्तर. सफाला चालायला लागली असेल म्हणून आवाजाचे बूट पाठवतो, म्हणजे ती कुठे पळाली ते तुला चुलीपाशी बसून कळेल. तुझ्या हातावर भाजल्याचं सहरने फोनवर सांगितलं, तू सांगितलं नाहीस. मलम कोपऱ्यात, साबणाच्या खाली आहे.

मी लिहीत होतो. बावीस वर्षांपूर्वीचा कुणी तिशी-चाळिशीतला माणूस माझ्या हातून उतरत होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. चांगला होता बिचारा. त्याच्या बायकोने त्याला पाठ करून ठेवलं होतं, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. आमनाचा मला असा अभिमान वाटला की मार्कर दोनदा खाली ठेवावा लागला. मी एवढी वर्षं गोदामात काय सांभाळलं, आणि तिने काय!

मलमापाशी ती थांबली.

"संपलं?"

"एक ओळ हाय. तुमाला आठवत असंल तर लिवा." आणि ती उठून चुलीकडे गेली.

मला आठवेना. खूप ताणून पाहिलं. सफा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, मला ठाऊक हाय. लहानपणी आमी दोघींनी वाचलं हुतं. पुढच्या ईदला येतो तो कायमचा येतो. घराला रंग तेव्हाच काढू."

पुढच्या ईदला मी आलो होतो. पंचेचाळीस दिवसांसाठी. रंग काढला होता, बाहेरून माणसं लावून, आणि परत गेलो होतो. ती तेव्हा काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, "अम्मी बोलली होती काही?"

"सहर सांगते, स्टेशनवर बोलली. जाऊ नका म्हणाली. तुमी गाडीच्या खिडकीतून खोक्याचा दुसरा नग चढला का ते बघत हुतात."

 ती ओळ लिहायला हात उचलत नव्हता. एकदा खोटी लिहून झाली होती, दुसऱ्यांदा तसं करायचं नव्हतं. म्हणून मार्करला टोपण लावलं, ओट्यावर गेलो आणि मस्कतला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, विचार करा, दोनच वर्षं. मी म्हटलं, साहेब, विचार दोन हजार तीनमध्येच झाला होता, कळवायला उशीर झाला.

मग आत येऊन लिहिलं. ‘पुढच्या ईदला’ हे शब्द खोडले आणि दोन्ही ‘येतो’ खोडून त्यावर ‘आलो’ लिहिलं, म्हणजे आलो तो कायमचा आलो; बाकी ओळ होती तशी.

आमना पदराला हात पुसत आली. उकिडवी बसून वाचलं. खाडाखोडीवर बोट फिरवलं, पुन्हा वाचलं. मी मार्करचं टोपण काढत-लावत होतो, आणि सफा तर हळूच उठून बाहेर गेली.

"अक्षर बिघडलंय तुमचं," आमना म्हणाली, आणि चटईवर थोडी सरकून माझ्या हातात सुई दिली. "बसा. आणि टाका बारीक घाला."